वाटीभर अझोला

आमच्या घरात कुंड्यांना पाणी घालायची मला परवानगी नाही. वनस्पतिशास्त्र शिकवता शिकवता माझे केस पिकले, पण मी झारी हातात घेतली की कुणीतरी येऊन ती काढून घेतं आणि ‘तुम्ही पेपर वाचा’ म्हणून सांगतं. बाहेरच्यांना याचं नवल वाटतं. घरच्यांना वाटत नाही, कारण त्यांनी अझोल्याची गोष्ट ऐकलेली आहे. ती सांगताना आई दर वेळी मध्ये बोलते आणि दर वेळी माझी चूक थोडी मोठी होते. म्हणून आता लिहूनच काढतो. लिहिताना निदान कुणाला मध्ये बोलता येत नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी जळगावच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो, तोही हंगामी. हंगामी म्हणजे एप्रिलच्या शेवटच्या दिवशी कार्यमुक्तीचा कागद हातात पडायचा आणि जूनमध्ये पुन्हा नेमणुकीचा कागद मिळायचा, मिळाला तर. मधल्या दीड महिन्यात कुणी विचारलं की मी ‘कॉलेजात आहे’ असं सांगून विषय बदलायचो. राहायला आम्ही पिंप्राळ्यात. आता तिथे कॉलन्या झाल्या आहेत, तेव्हा ते गावच होतं. घरात आई आणि मी, दोघंच. वडील मी शिकत असतानाच गेले. परसात त्यांच्या वेळची दगडी डोणी होती, बैलांना पाणी पाजायची. बैल केव्हाच विकले गेले. डोणी हलवायला चार माणसं लागली असती, म्हणून ती राहिली.

आमच्या विभागाचे प्रमुख, ज्यांना मी इथे नुसतं सर म्हणतो, मूळचे धुळ्याचे आणि फार कमी बोलणारे. त्या वर्षी हिवाळ्यात ते कसल्याशा परिषदेसाठी ओरिसात गेले आणि येताना जेवणाच्या डब्यातून अझोला घेऊन आले. दोन दिवसांच्या रेल्वेप्रवासात तो डबा त्यांच्या मांडीवर होता, आणि जेवण त्यांनी स्टेशनवरच्या केळ्यांवर भागवलं, असं आमचा शिपाई सांगायचा. जळगावात नोकरी करणाऱ्या माणसाने परमुलखातली केळी खाल्ली, यावरूनच डब्यातल्या ऐवजाची किंमत आम्हाला कळली.

अझोला म्हणजे पाण्यावर तरंगणारा नेचा. एकेक रोप नखाएवढं, वर बारीक खवल्यांसारखी पानं, खाली केसांसारखी मुळं लोंबणारी. त्याच्या पानांत एक शेवाळ घर करून राहतं आणि हवेतला नत्र धरून ठेवतं. त्यामुळे भाताच्या खाचरात हा नेचा सोडला तर खताचं काम होतं. धुळे जिल्ह्याच्या पश्चिमेला, नवापूरकडे, डोंगराच्या पायथ्याशी पावसाच्या भरवशावर भात करणारे लोक आहेत. विकतचं खत त्यांना झेपत नव्हतं. त्यांच्या खाचरांत हा सोडून बघायचा, हे सरांच्या मनात होतं. कॉलेजमागच्या सिमेंटच्या टाकीत त्यांनी तो वाढवला, आणि मार्चपर्यंत टाकीतलं पाणी दिसेनासं झालं.

मग सुट्टी आली. सुट्टीत कॉलेजचं पाणी बंद असायचं. सरांच्या धुळ्याच्या घरी टाकी अजून बांधून व्हायची होती. उन्हाळाभर हे कोण सांभाळेल, असं त्यांनी विभागात विचारलं. तिथे माझ्याशिवाय तिघे होते, तिघेही कायम. तिघांनी पंख्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, “सर, माझ्याकडे राहील.”

सरांनी चष्मा काढला. “जळगावचा मे महिना आहे.”

“आमच्याकडे दगडी डोणी आहे, सर.”

सरांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. “जूनमध्ये जिवंत परत आला, तर कायम करण्यासाठी तुमचं नाव पाठवतो. नाही आला, तर नाही पाठवता येणार. मग मी त्यात लिहू काय?”

हे त्यांनी धमकी म्हणून म्हटलं नव्हतं. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. माझ्या नावावर तोवर दोनच कामं जमा होती: प्रॅक्टिकलसाठी सकाळी नाल्यावरून शेवाळ आणणं आणि पोरांनी फोडलेल्या काचपट्ट्यांची यादी ठेवणं.

त्यांनी एका कागदावर सूचना लिहून दिल्या. तळाला चाळलेली माती, वर चार बोटं पाणी, मूठभर शेणाचा काला, महिन्यातून एकदा चिमूटभर सुपर फॉस्फेट. थेट ऊन नको. दाट झालं की निम्मं काढून टाकावं, नाहीतर खालचं कुजतं. आणि शेवटी, खाली दोन रेघा ओढून: घराबाहेर जाऊ देऊ नये, कुणाच्या विहिरीत पडला तर विहीर झाकून टाकेल.

मी सायकलच्या हँडलला बादली अडकवून अझोला घरी आणला. आईने बादलीत डोकावून पाहिलं.

“हे काय आणलंस?”

“अझोला. नेचा असतो.”

“खायचं?”

“नाही.”

“मग देवाला?”

“नाही गं. नोकरीला.”

“मग ठेव,” आई म्हणाली.

डोणी घासून आम्ही अझोला सोडला. मी प्रयोगशाळेतून थर्मामीटर आणला होता, शाळेतली फूटपट्टी होती, आणि एक शंभरपानी वही. सकाळ-संध्याकाळ मी पाण्याची खोली आणि तापमान लिहू लागलो. ती वही अजून आहे. तिच्यात पहिले चौदा दिवस ‘पाण्याची पातळी स्थिर’ असं लिहिलेलं आहे. जळगावात एप्रिलच्या उन्हात उघड्या डोणीतलं पाणी चौदा दिवस स्थिर राहतं, यात मला काहीही खटकलं नाही. मी पट्टी घेऊन जायच्या आत आई दोन कळशा ओतून ठेवत होती. डोणीवर चार काठ्या रोवून वडिलांचं जुनं धोतर तिनेच ताणलं होतं, दुपारी ते ती ओलं करायची, आणि तांदळाचं धुवण मोरीत न टाकता डोणीत टाकायची. येता-जाता त्या हिरव्यातून हात फिरवायची. मी वहीत ‘वाढ समाधानकारक’ असं लिहिलं आणि खाली सही केली.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. आमच्या खानदेशात दिवाळीपेक्षा आखाजीला मान, कारण लेकी माहेरी येतात. आमच्या परसातल्या निंबाला झोका बांधला होता, म्हणून गल्लीतल्या बायका दुपारी आमच्याकडेच जमल्या. मी नेमका जळगावात गेलो होतो. अझोला दाट झाला होता आणि कागदात लिहिल्याप्रमाणे आई निम्मा काढून डोणीच्या काठावर ठेवत होती. शेजारच्या अक्काने विचारलं, हे काय शे? अक्का लग्न होऊन पारोळ्याकडून आलेली. पिंप्राळ्यात तिचा जन्म गेला, पण अहिराणी बोली तिने सोडली नाही.

आईने सांगितलं, “पोराच्या सरांचं आहे. विरजणासारखं असतं, थोडं घातलं की वाढत जातं. घेऊन जा, नाहीतरी टाकायचंच आहे.”

आमच्या गल्लीत विरजण कुणाचंच नव्हतं आणि सगळ्यांचं होतं. एखादीचं दही बिघडलं की तिची वाटी शेजारी जायची, शेजारणीचं बिघडलं की तिची हिच्याकडे यायची. यात कुणाला कमीपणा वाटत नसे. तेव्हा त्या दुपारी अक्का एक वाटी घेऊन गेली, दुसरी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या मारवाडी भाभीने नेली, तिसरी प्राथमिक शाळेतल्या मास्तरांच्या बायकोने.

संध्याकाळी मी आलो. डोणी निम्मी मोकळी दिसली. आईने सगळं सरळ सांगितलं. लपवण्यासारखं तिला त्यात काही वाटत नव्हतं.

“बाहेर जाऊ द्यायचं नाही, असं लिहिलंय,” मी कागद पुढे केला.

“निम्मं काढून टाकावं, असंही लिहिलंय ना?”

“टाकावं. द्यावं असं नाही लिहिलेलं.”

“टाकायचं कुठे, ते दाखव.”

ते कागदावर नव्हतं. माणूस जेव्हा वादात हरतो, तेव्हा तो मोठ्या गोष्टींचा आधार घेतो. मी म्हणालो, “हे शास्त्राचं काम आहे. आजपासून या डोणीला हात लावू नकोस.”

“बरं,” आई म्हणाली.

मी लगेच तिन्ही घरी जाऊन आलो आणि विहिरीपासून लांब ठेवा म्हणून बजावलं. तिघींनी मान डोलावली. भाभीने मला चहा दिला. एवढं करून विभागाची अब्रू राखली, अशा समजुतीत मी घरी आलो.

दुसऱ्या दिवसापासून पाण्याची पातळी स्थिर राहीना. आता दोन्ही वेळचं पाणी मी ओढत होतो, धोतर भिजवत होतो, आणि मे महिना वर चढत होता. विहिरीचा रहाट करकरायचा. आई ओट्यावर निवडण घेऊन बसायची आणि बघायची. एकदाही उठली नाही. त्या वेळी मला तिचं ते वागणं खटकलं.

महिना संपत आला असताना एका मित्राच्या लग्नाला पहूरला जायचं ठरलं. हळद आणि लग्न धरून दोन रात्रींचा मुक्काम. दोन दिवस पाणी कोण घालणार? आईला सांगणं सोपं होतं. ते सोडून बाकी सगळ्या शक्यतांचा मी विचार केला. पाणी उडून जाणं थांबवलं तर पाणी घालावंच लागणार नाही, असा शोध मला लागला. खताच्या दुकानातून मी प्लॅस्टिकचा मोठा कागद आणला. काठ्या मध्ये येत होत्या म्हणून धोतरासकट उपटल्या, कागद डोणीवर ताणला, सुतळीने बांधला आणि कडेने विटा ठेवल्या.

आई दारात उभी होती. “झाकतोयस?”

“बाष्पीभवन थांबतं.”

“आणि ऊन?”

“मध्ये प्लॅस्टिक आहे ना.”

आईने मान वर करून उन्हाकडे पाहिलं. “दुपारचं मी काही करू का?”

“नको. हात लावू नकोस.”

“बरं.”

पहूरला मी मजेत होतो. नवरदेवाच्या मामांना मी हवेतल्या नत्राविषयी पाऊण तास सांगितलं, आणि ते पंगत उठेपर्यंत शांतपणे ऐकत होते. पुढे कळलं की त्यांना एका कानाने ऐकू येत नव्हतं आणि मी त्याच बाजूला बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी एस्टीने परतलो. गुरुवार होता. परसात गेलो तर प्लॅस्टिकला आतून घामासारखे थेंब आले होते. ते बघून मला आधी बरंच वाटलं, म्हणजे पाणी आतच राहिलं होतं. सुतळी सोडून कागद वर उचलला तर तोंडावर वाफ आली. पालक चुलीवर विसरला की जसा दिसतो, तसं तपकिरी काहीतरी पाण्यावर पसरलं होतं. वास त्याहून वाईट. मी डोणीत हात घातला आणि तसाच बाहेर काढला, कारण पाणी भाजत होतं. मी उन्हाळाभर जपलेली माझी कायमची नोकरी दोन दिवसांत मंद आचेवर शिजवली होती.

आई मागे येऊन उभी राहिली. “काल दुपारीच वास सुटला होता.”

“मग काढलं का नाहीस?”

“तू म्हणालास हात लावू नको. शास्त्राचं काम.”

हे ती टोमणा म्हणून म्हणाली नाही. दोनदा ती सुतळीपर्यंत जाऊन परत फिरली होती, हे तिने मला कित्येक वर्षांनी सांगितलं. माझा कागद आला नाही तर जूनपासून घरात काय शिजणार, हे माझ्यापेक्षा तिला जास्त माहीत होतं. तिने पदराआडून एक पोस्टकार्ड काढून दिलं. ते सकाळीच आलं होतं. सरांचं अक्षर: धुळ्याची टाकी झाली. शुक्रवारी दुपारपर्यंत किटलीभर अझोला घेऊन यावे. नवापूरचे दोघे शेतकरी त्याच दिवशी येत आहेत. तुमच्या नावाचा कागद तयार करून ठेवतो.

शुक्रवार म्हणजे उद्या. मी डोणीच्या काठावर बसलो. ताप आल्याची तार करावी, असं एकदा मनात आलं. दुसऱ्यांदा आलं की नाल्यावरचं शेवाळ भरून न्यावं. पण ज्या माणसाने तो डबा दोन दिवस मांडीवर धरला होता, तो शेवाळाला फसला नसता.

“तिघींकडे बघून ये ना,” आई म्हणाली.

ज्या वाट्या दिल्या म्हणून मी एवढा भांडलो होतो, त्यांची मला आठवणसुद्धा झाली नव्हती. मी फडताळातून हाताला लागेल ती वाटी उचलली आणि निघालो. आई मागून काहीतरी सांगत होती. मी ऐकलं नाही.

आधी भाभीकडे गेलो. ती गल्ल्याजवळ बसून शेंगदाणे पाखडत होती.

“ते? भय्या, ते तर लाल झालं,” ती म्हणाली. तिने ते पितळी परातीत घालून गच्चीवर तुळशीजवळ ठेवलं होतं. चार दिवसांत सगळं कुंकवासारखं लाल झालं, म्हणून शुभ समजून तिने शेजारच्या बायकांना दाखवलं. मग शेठजी म्हणाले हे वाळतंय, तेव्हा तिने ते तुळशीच्या बुडाशी घातलं.

“भाभी, उन्हाने लाल होतं. मेलेलं नसतं. सावलीत ठेवलं असतं तर पुन्हा हिरवं झालं असतं.”

“मग तेव्हाच सांगायचं ना. तुम्ही तर विहिरीचं तेवढं सांगून गेले. चहाही प्यायला होता.”

मास्तरांकडे तर एका वाक्यात काम झालं. अझोला ठेवलेल्या टबात पोरांनी कागदी होड्या सोडल्या होत्या आणि मग टब धुण्याला लागला. मास्तर मला दारापर्यंत सोडायला आले. “नेचा म्हणजे अपुष्प वनस्पती, बरोबर?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. इतक्या वर्षांनी आपल्याला आठवतंय याचा त्यांना फार आनंद झाला.

अक्काच्या दारात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. ती तुळशीपाशी दिवा ठेवून वळतच होती. तिने आधी माझ्याकडे आणि मग वाटीकडे पाहिलं.

“रिकामी वाटी लिसन उना?” रिकामी वाटी घेऊन आलो, यात काय चुकलं ते मला कळलं नाही.

“अक्का, आखाजीला आईने ते हिरवं दिलं होतं. आहे का?”

“शे ना. बठ्ठा खड्डा भरी गया.”

सगळा खड्डा भरला, म्हणजे ते जिवंत होतं. मी ओट्यावर टेकलो. “मग थोडं हवं होतं.”

“आते? आते दिवा लाग्या. दिवा लाग्यावर इरजन देतस नही.”

“अक्का, हे विरजण नाही. वनस्पती आहे.”

“तुनी मायनी इरजन म्हनीसन दिन्हं. मंग इरजनच शे.”

मी तिला उद्याची गाडी, सर, नोकरी, सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग ती शांतपणे म्हणाली की तू तर कुणालाच द्यायचं नाही म्हणून आईला बोललास. त्या दिवशी तुझी माय इथे येऊन बसली होती, डोळे पुसत होती.

मला हे माहीत नव्हतं. आईने ‘बरं’ म्हटलं तेव्हा विषय संपला, असं मी धरून चाललो होतो.

“जिनी दिन्हं, तिलेच धाड,” अक्का म्हणाली. “सकायले.”

निदान बघू तरी द्या, असं मी म्हटलं. तिने मागच्या बाजूला नेलं. गोठ्याच्या कडेला तीन-चार केळी होत्या. म्हशीच्या कुंडीतून सांडलेलं आणि गोठा धुतलेलं पाणी त्यांच्या बुडाशी एका खड्ड्यात साचत होतं. त्या खड्ड्यावर, संधिप्रकाशातही कळावा असा, ताजा हिरवा अझोला होता. सावली केळीची, खत शेणाचं, पाणी आपोआप. मी विचारलं, दाट होऊन कुजत कसं नाही? अक्काने म्हशीकडे बोट दाखवलं. म्हैस रोज दावं ताणून त्यात तोंड घालायची आणि पोचेल तेवढं खायची. सरांची ‘निम्मं काढून टाकावं’ ही सूचना गल्लीत एकट्या म्हशीने पाळली होती.

घरी आलो. आई भाकरी थापत होती.

“अक्का म्हणते तू ये. उद्या सकाळी.”

“मी कशी येऊ? मला हात लावायचा नाही ना.”

“चुकलं माझं.”

“काय चुकलं?”

“झाकलं ते.”

“ते होतं कुणाचंही,” आई म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

मी रिकामी वाटी फडताळात ठेवली. “तुला हात लावू नको म्हटलं, ते चुकलं.”

“बरं,” आई म्हणाली. “जेवायला बस.”

सकाळी तिने त्याच वाटीत गुळाचा खडा ठेवला. दुसऱ्याच्या दारात मागायला जाताना रिकामी वाटी नेत नाहीत, हेच ती काल मागून ओरडून सांगत होती. मी मागे किटली घेऊन चाललो. अक्काने गूळ घेतला, तोंडात टाकला, आणि मग दोघी तिच्या धाकट्या लेकीच्या सासरविषयी अर्धा तास बोलल्या. मला दिसत होतं की धुळ्याची गाडी हातून चालली आहे, पण एव्हाना मी मध्ये न बोलायला शिकलो होतो. शेवटी आईने पदर खोचला, खड्ड्यात दोन्ही हात घातले आणि ओंजळी ओंजळीने किटली भरली.

धुळ्यापर्यंत मी ती किटली मांडीवर धरली. तोंडावर ओलं फडकं होतं. कंडक्टरने दोनदा ‘सांडली तर पुसावं लागेल’ असं बजावलं. पारोळ्याच्या स्टँडवर खिडकीशी एक म्हातारे आबा आले आणि चहा कितीला म्हणून विचारू लागले. मी चहा नाही म्हटलं. “मग फिरतोस कशाला किटली घेऊन?” ते चिडून म्हणाले. या प्रश्नाचं खरं उत्तर बरंच लांब होतं आणि गाडी सुटली.

सरांच्या परसात नवी टाकी पाण्याने भरून तयार होती. पायरीवर नवापूरकडचे दोघे बसले होते, पहाटेपासून प्रवास करून आलेले. सरांनी फडकं काढलं. एक रोप बोटावर घेतलं, चष्म्याजवळ नेलं. मग किटलीत बोट फिरवून त्यांनी एक कडब्याची काडी, एक काळा राठ केस आणि इवलीशी दुसरीच पानं बाहेर काढली.

“हे डोणीतलं नाही,” ते म्हणाले.

उन्हाळ्यात डोणीत काहीही पडतं, असं म्हणता आलं असतं. सर अर्धवट मानलेही असते. आतल्या टेबलावर माझ्या नावाचा कागद पेपरवेटखाली दिसत होता. पण अक्काच्या ओट्यावर डोळे पुसत बसलेली आई काही केल्या डोळ्यांसमोरून हलेना. मी सगळं सांगितलं. वाट्या, भांडण, प्लॅस्टिक, म्हैस.

सरांनी पहिलं विचारलं, “विहिरी?”

“कुठेच गेलेला नाही, सर. तिन्ही घरी बघून आलो.”

“तुमच्याकडे किती उरला?”

“काही नाही.”

“आणि म्हशीकडे?”

“खड्डाभर.”

सरांनी किटली टाकीच्या काठावर ठेवली. पायरीवरच्या दोघांपैकी थोरल्याने मान वर केली. ढोर हे खातं का, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, आवडीने खातं. तो आपल्या सोबत्याकडे बघून हसला. मग घेऊन जातो, म्हणाला. भाताला नाही मानवलं तर ढोराला घालू, फुकट नाही जाणार. सर इतके दिवस त्यांना जे नत्र समजावून देत होते, त्याने त्यांचा भरवसा बसला नव्हता. तो म्हशीने बसला.

सरांनी मला एक चिमटा दिला आणि अझोल्यातली ती परकी पानं वेगळी काढायला बसवलं. ते काम दीड तास चाललं. निघताना त्यांनी तो कागद पेपरवेटखालून काढला.

“यांनी उन्हाळाभर नेचा जगवला, असं लिहिलंय यात,” ते म्हणाले. “हे आता पाठवता येत नाही.”

“नाही, सर.”

“या वर्षी नाही.”

जूनमध्ये मला पुन्हा हंगामीच नेमणूक मिळाली. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मिळाली ना?” आणि कामाला लागली. नवापूरला पहिल्या पावसाळ्यात अर्धा अझोला बांध फुटून वाहून गेला. उरलेला त्या दोघांनी जपला. भाताला त्याचा किती उपयोग झाला, ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ढोरांना झाला.

पुढच्या एप्रिलमध्ये सरांनी न विचारताच बादली माझ्या सायकलला अडकवली. नवा कागद दिला. सगळ्या सूचना त्याच होत्या, फक्त शेवटची बदलली होती: दाट झाल्यावर निम्मा काढून दोन विश्वासू घरी ठेवावा, विहिरीपासून लांब. खाली रेघा दोनच. त्या उन्हाळ्यात मी वहीत काही लिहिलं नाही. विहिरीचं पाणी ओढून आणून द्यायचं आणि आई सांगेल तिथे ओतायचं, एवढंच माझं काम होतं. धोतर पुन्हा ताणलं गेलं. आखाजीला अक्का वाटी घेऊन आली, गूळ घालून.

जूनमध्ये बादली भरून परत गेली आणि सरांनी माझं नाव पाठवलं. त्याची एक प्रत मला मिळाली. आईने ती वाचून दाखवायला लावली. पहिल्या चार ओळी सरकारी होत्या. पाचवीत लिहिलं होतं: यांच्या घरी नेच्याची उत्तम जोपासना होते.

“पुन्हा वाच,” आई म्हणाली.

मी पुन्हा वाचलं.

“घरी म्हटलंय ना?”

“हो.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली, आणि फडताळातली वाटी काढून तिच्यात गूळ ठेवू लागली. अक्काला सांगायला जायचं होतं.